शेवटून पहिला

लॉस एंजेलिस ऑलिंपिक, १९८४. पाच हजार मीटरची अंतिम शर्यत. सुवर्णपदक मोरोक्कोच्या सईद अवीताचं, पण बड ग्रीनस्पॅन यांच्या ‘१६ डेज ऑफ ग्लोरी’ या माहितीपटात आपण बघत राहतो ते सगळ्यात मागे पडलेल्या डेव्ह मूरक्रॉफ्टकडे. दोनच वर्षांपूर्वी ऑस्लोत १३ मिनिटं ०.४१ सेकंदांचा विश्वविक्रम करणारा हा ब्रिटिश धावपटू कमरेच्या दुखण्याने अक्षरशः फरफटतोय. पदक केव्हाच गेलंय. आता एवढंच उरलंय की अवीताने मागून येऊन आपल्याला एका फेरीने गाठू नये.

खरी गंमत इथे आहे. एकाच ट्रॅकवर दोन शर्यती सुरू होतात आणि पहिल्या शर्यतीचा नायक दुसरीत पाठलाग करणारा होतो. अवीता जितका देखणा धावतो, तितका आपला जीव टांगणीला लागतो. मूरक्रॉफ्ट थोडक्यात वाचतो. शेवटचाच येतो, पण न गाठला जाता. ग्रीनस्पॅन यांचे भाऊ डेव्हिड पेरी यांचं निवेदन बातमीसारखं सपाट आहे. हुंदका आवाजात नाही, म्हणून तो आपल्या घशात येतो.

हेलसिंकीच्या १९५२च्या ऑलिंपिकमधला वेटलिफ्टर जॉन डेव्हिस हा ग्रीनस्पॅन यांचा पहिला विषय. पुढे त्यांनी धावपटू जेसी ओवेन्स यांना पुन्हा बर्लिनच्या स्टेडियममध्ये नेलं. टांझानियाच्या जॉन स्टीफन अख्वारीची गोष्ट तर त्यांची लाडकी: मेक्सिको, १९६८, मॅरेथॉन, पडून गुडघा दुखावलेला, पायाला बँडेज, आणि विजेत्यानंतर तासाभराहून अधिक उशिरा पूर्ण केलेली शर्यत.

कोन इचिकावा यांनी टोकियो ऑलिंपिकवरच्या चित्रपटात शरीरं पाहिली: घाम, स्नायू, श्वास. ग्रीनस्पॅन यांना माणसाची गोष्ट हवी असते. त्यापायी ते डोपिंग, पैसा, बहिष्काराचं राजकारण यांत फारसे शिरत नाहीत. हा भाबडेपणा मला खटकतो. शिवाय २०१०च्या व्हँकूवरपर्यंत चित्रपट करताना ही रीत इतकी घट्ट झाली, की दुखापतीचा उल्लेख आला की पुढचं सगळं आधीच कळतं. मूरक्रॉफ्टच्या भागात मात्र निकाल ठाऊक असूनही मी दर वेळी अवीताच्या पायांकडे धास्तीनेच बघतो.