खाटेवरचा मोबाइल आणि मनाची मोजणी

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या मनाला आधार देणारी मोबाइल ॲप्स आता पुष्कळ निघाली आहेत. श्वासाचे व्यायाम, 'आज कसे वाटते?' अशी रोजची नोंद, गप्पा मारणारा यंत्रमित्र असे त्यांचे स्वरूप असते. रात्री दोन वाजता सारा वॉर्ड निजलेला असताना असे काही हाताशी असणे वाईट नाही. आमचा आक्षेप आहे तो मोजणीवर.

अशा ॲप्समध्ये अनेकदा 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली असते. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का, झोप लागली का, अशा नऊ प्रश्नांना प्रत्येकी ० ते ३ गुण. एकूण २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले की नैराश्याची शंका घेतात. आता पंधरा दिवस टायफॉइडने आडवा झालेला रुग्ण घ्या. झोप उडालेली, भूक मेलेली, अंगात त्राण नाही, हालचाल मंदावलेली. हे चार त्रास रोजचेच, म्हणजे चार प्रश्नांतच १२ गुण झाले! मनाने तो खंबीर असला तरी ॲप त्याला खचलेला ठरवणार. याच्या उलटही घडते. खरोखर खचलेल्याचे गुण 'तापामुळे असतील' म्हणून सोडून दिले जातात.

ही अडचण नवी नाही. झिगमंड आणि स्नेथ या तज्ज्ञांनी १९८३ साली खास रुग्णालयातील रुग्णांसाठी १४ प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. त्यांतले सात प्रश्न चिंतेचे, सात नैराश्याचे. निद्रानाश, थकवा, डोकेदुखी यांसारखे प्रश्न त्यांनी जाणूनबुजून वगळले, कारण ती लक्षणे आजाराचीही असू शकतात. इतके जुने शहाणपण ॲप बनवणाऱ्यांना ठाऊक नसावे, याचे आम्हांला नवल वाटते.

पुराव्याचेही तसेच. 'वोबॉट' या यंत्रमित्राची २०१७ साली प्रसिद्ध झालेली चाचणी वारंवार सांगितली जाते. तीत १८ ते २८ वयाचे ७० जण होते आणि कालावधी होता दोन आठवडे. वोबॉट वापरणाऱ्यांचे नैराश्य कमी झाले हे खरे; पण तुलनेच्या गटाला दिले होते केवळ एक ई-पुस्तक. चिंता तर दोन्ही गटांत कमी झाली. शिवाय ही चाचणी रुग्णालयातील रुग्णांवर नव्हतीच. (वर्गात तुलनेचा गट शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. 'तुलना कशाशी केली?' एवढेच विचारले की मुले पुढचे स्वतः बोलू लागतात.) पुढे ३० जून २०२५ रोजी ते ॲप बंदही झाले.

घरी गेल्यावर वापर किती टिकतो? मानसिक आरोग्याच्या ९३ ॲप्सच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३० दिवसांनंतर टिकलेल्या वापरकर्त्यांचे मध्यक प्रमाण होते ३.३ टक्के.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. मरण बरे, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का? घरी बसलेल्या माणसाने 'हो' म्हटल्यावर मदतीचा दूरध्वनी दाखवणे समजू शकते. ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडे टेलीमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. पण वॉर्डात नर्स दहा पावलांवर असते. खाटेवरून दिलेले ते उत्तर तिच्यापर्यंत पोहोचते की कुठल्या तरी दूरच्या संगणकात साठून राहते? ॲप विकत घेणाऱ्या रुग्णालयाने किंमत विचारण्याआधी हे विचारून घ्यावे, आणि उत्तर लेखी मागावे.