रॅप आणि आपली बोली

१९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जन्मलेले हिप-हॉप आज वऱ्हाडीतही बोलते आहे. अमरावतीचे सौरभ अभ्यंकर २०२३ साली 'एमटीव्ही हसल'च्या राष्ट्रीय मंचावर पोहोचले. त्यांच्या रॅपमध्ये हिंदीसोबत वऱ्हाडी नांदते. '१०० आरबीएच' हे त्यांचे नावच शंभराला 'सौ' म्हटल्यावाचून उलगडत नाही. हा भाषासंकर दोष मानावा काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. 'काहून', 'बावा' असे ठसकेबाज शब्द तालावर नेमके बसतात.

पैनगंगेच्या अलीकडील आपली आदिलाबादी मराठीही तेलुगू-दखनीमिश्रितच. ती आपण घरात ठेवली. सभेत प्रमाण मराठी मिरविली. नातवंडे दोहोंनाही दुरावत आहेत. जिची लाज बाळगली तिच्यातच लय होती, हे आता मान्य करावयास हवे.