संजयाविना युद्ध : ऑनलाइन खेळातील पुनर्रचित प्रदेश आणि पक्षयुद्धाची कथने

१

साहित्यकृतीतील स्थळ एकदा लिहून झाले की ते वाचकांच्या स्वाधीन होते, ही धारणा मुद्रणसंस्कृतीने इतकी अंगवळणी पाडली आहे की ती केवळ एक धारणा आहे याचाही विसर पडतो. कादंबरीकाराने नव्या आवृत्तीत एखादे गाव बदलले, तरी जुनी आवृत्ती कोणत्या ना कोणत्या ग्रंथालयात शिल्लक राहते आणि अभ्यासकाला दोन्ही पाठ समोरासमोर ठेवता येतात. ऑनलाइन खेळांच्या बाबतीत ही सोय उरत नाही. तेथील स्थळ निर्मात्या कंपनीच्या सर्व्हरवर नांदते आणि कंपनीने ते बदलले की जुने स्थळ सर्वांसाठी एकाच वेळी नाहीसे होते. अशा स्थळी युद्धकथा सांगितली जाते तेव्हा तिचा अनुभव कसा घडतो आणि कशामुळे अपुरा राहतो, याचा विचार 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या अमेरिकी कंपनीचा हा खेळ २३ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसिद्ध झाला. ॲझेरॉथ नावाच्या कल्पित जगात असंख्य खेळाडू एकाच वेळी वावरतात. हे जग अनेक प्रदेशांत, खेळाडूंच्या भाषेत 'झोन'मध्ये, विभागलेले आहे. प्रत्येक प्रदेशातील पात्रे खेळाडूला कामगिऱ्या सोपवतात. त्यांना 'क्वेस्ट' म्हणतात. कथा पुढे सरकते ती या क्वेस्टच्या मालिकेतून. खेळाडूचे पात्र बहुधा जन्मतःच अलायन्स किंवा होर्ड या दोन युध्यमान पक्षांपैकी एकाचे असते. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मध्ये 'सायबरटेक्स्ट' या ग्रंथात, ज्या संहितेतून मार्ग काढण्यासाठी वाचकाला प्रत्यक्ष प्रयत्न करावे लागतात, अशा संहितांचा स्वतंत्र विचार मांडला होता. ॲझेरॉथ ही त्या वर्गातील संहिता होय. तथापि तिच्यात वाचक केवळ मार्ग काढीत नाही, तर वर्षानुवर्षे वास्तव्य करतो. प्रस्तुत विवेचनात हे वास्तव्यच मध्यवर्ती आहे.

२

प्रकाशनानंतर बरोबर सहा वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०१० रोजी, 'कॅटॅक्लिझम' या विस्ताराच्या पूर्वतयारीचा भाग म्हणून कंपनीने दोन्ही मूळ खंडांची पुनर्रचना केली. डेथविंग हा कृष्णव्याल भूगर्भातून उसळून बाहेर येतो आणि पृथ्वी विदीर्ण होते, असे कथेतील कारण दिले गेले. बॅरन्स नावाचे विस्तीर्ण माळरान दुभंगून त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन प्रदेश झाले. काही गावे पाण्याखाली गेली, तर काही युद्धात बेचिराख झाली.

या पुनर्रचनेचे गुण मान्य करावे लागतात. मूळ खेळातील क्वेस्ट विखुरलेल्या होत्या. एका गावात मिळालेल्या कामगिरीचे उत्तर तीन प्रदेशांपलीकडे सापडे आणि कथासूत्र हाती लागेपर्यंत पूर्वसंदर्भ विसरला जाई. नव्या रचनेत प्रत्येक प्रदेशाला आरंभ, विकास आणि शेवट लाभला. मात्र कथेचे सूत्र घट्ट झाले तशी भटकंती आटली. जुने बॅरन्स कंटाळवाणे होते, तेथे मैलोगणती चालावे लागे. परंतु त्या चालण्यातूनच माळरानाची रुंदी खेळाडूच्या अंगात मुरत असे. यी-फू तुआन यांनी १९७७ मध्ये 'अवकाश' आणि 'स्थळ' यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. नुसत्या अवकाशाचे स्थळ होते ते थांबल्याने, परिचयाने. नव्या रचनेत खेळाडूला एका टप्प्याहून दुसऱ्या टप्प्याकडे नेले जाते. थांबण्याचे कारण त्याला क्वचितच मिळते.

याच बॅरन्समध्ये कॅम्प तौराहो ही टॉरेन लोकांची वस्ती होती. होर्डच्या बाजूने खेळणाऱ्या कित्येकांनी प्रारंभीच्या पातळ्यांवर तेथे मुक्काम केलेला असे. पुनर्रचनेनंतर तेथे जळके अवशेष उरले. अलायन्सच्या सैन्याने ती वस्ती उद्ध्वस्त केल्याचे कळते. २००५ साली तेथे वावरलेला खेळाडू आणि २०११ साली प्रथमच आलेला खेळाडू एकाच अवशेषांसमोर उभे राहतात, पण त्यांचे वाचन एक नसते. पहिल्याला तेथे वस्तीची अनुपस्थिती दिसते, दुसऱ्याला राखेचे नेपथ्य. नव्या संहितेत असे काहीही नाही की जे दुसऱ्याला पहिल्याच्या जागी नेऊन उभे करील. युद्धाचे गांभीर्य ज्या पूर्ववास्तव्यावर उभे आहे, ते वास्तव्य युद्धकथेनेच पुसून टाकले आहे.

३

पक्षयुद्धाच्या क्वेस्टमध्ये दुसरी एक मर्यादा रचनेतच आहे. तौराहोवरील हल्ल्याचा सूत्रधार जनरल हॉथॉर्न होर्डच्या क्वेस्टमध्ये 'तौराहोचा खाटीक' म्हणून समोर येतो आणि त्याला ठार करण्याची कामगिरी खेळाडूवर सोपवली जाते. अलायन्सच्या बाजूने येणाऱ्या खेळाडूला तोच हॉथॉर्न वेगळा भेटतो : सामान्य रहिवाशांना निसटता यावे म्हणून आपल्या सैन्याच्या फळीत मुद्दाम वाट मोकळी ठेवणारा सेनानी. दोन्ही अर्धी एकत्र वाचली तर ही शोकात्म व्यक्तिरेखा आहे. पण ती एकत्र वाचण्याची सोय एका पात्राच्या आयुष्यात नाही. त्यासाठी विरुद्ध पक्षात दुसरे पात्र निर्माण करून सारा प्रवास नव्याने करावा लागतो. ज्या सर्व्हरवर खेळाडूंना परस्परांशी मुक्तपणे लढता येई, तेथे तर सुरुवातीच्या काही वर्षांत एका खात्यावर दोन्ही पक्षांची पात्रे ठेवण्यास मनाई होती.

भाषेच्या पातळीवरही हीच भिंत उभारलेली होती. शत्रुपक्षीयाचे लिहिणे समोरच्याच्या पडद्यावर निरर्थक अक्षरांत रूपांतरित होऊन उमटे. होर्डच्या खेळाडूने इंग्रजीत हसण्याची 'लोल' ही तीन अक्षरे टंकली, तर अलायन्सच्या खेळाडूला 'केक' असे दिसे. आणि पुढे हा 'केक' शब्दच खेळाडूंच्या बोलीत हास्यवाचक म्हणून रूढ झाला. भाषांतर अशक्य करण्यासाठीच योजलेल्या यंत्रणेतून वाचकांनी एक शब्द का होईना भाषांतरित करून घेतला, ही घटना तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी दखल घ्यावी अशी आहे.

महाभारताशी तुलना केली असता ही मर्यादा अधिक स्पष्ट होते. कुरुक्षेत्रावरील युद्ध श्रोत्यापर्यंत पोचते ते संजयाच्या मुखातून. तो कौरवांच्या दरबारातला आहे, पण व्यासांनी दिलेल्या दृष्टीमुळे दोन्ही सैन्ये पाहतो आणि पराभूत होणाऱ्या पित्याला शत्रूचा पराक्रमही सांगतो. युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व येते. तेथे गांधारी उभय पक्षांच्या मृतांसाठी विलाप करते. 'इलियड'च्या अखेरीस प्रायम आपल्या पुत्राचे शव मागण्यासाठी अकिलीसच्या तळावर जातो. महाकाव्याने युद्धाला अर्थ दिला तो दोन्ही बाजू पाहणारा निवेदक आणि दोन्ही बाजूंचा शोक यांच्या बळावर. ॲझेरॉथमधील युद्धाला संजय नाही आणि सामायिक स्त्रीपर्वही नाही. खेळाडू योद्धाच राहतो. साक्षी होण्यासाठी त्याला आपला पक्षच बदलावा लागतो.

४

संजय नसल्याचा परिणाम नैतिक अनुभवावर कसा होतो, हे स्टोनटॅलन माउंटन्स या प्रदेशातील होर्डच्या क्वेस्टमालिकेत दिसते. खेळाडू क्रोमगार या सेनाधिकाऱ्याच्या हाताखाली एकेक कामगिरी पार पाडतो आणि त्याच्या पदाची बढती होत जाते. शेवटी क्रोमगार थालदारा ग्रोव्ह येथील ड्रुइडांच्या विद्यास्थानावर बॉम्ब टाकून निरपराधांचा संहार घडवतो. तेव्हा होर्डचा सर्वाधिकारी गॅरॉश हेलस्क्रीम तेथे येतो, सन्मानाच्या नावाने क्रोमगारची निर्भर्त्सना करतो आणि त्याला कड्यावरून फेकून देतो. ही मालिका पुनर्रचनेतील सर्वांत परिणामकारक मालिकांपैकी एक होय. आज्ञापालनातून येणारा सहभाग खेळाडूला उशिरा उमगतो, आणि तो उमगणे हाच तिचा आशय आहे.

परंतु २०१२ मध्ये याच गॅरॉशने थेरामोर हे अलायन्सचे नगर एका बॉम्बने नष्ट केले. क्रिस्टी गोल्डन यांच्या 'टाइड्स ऑफ वॉर' या कादंबरीत आणि खेळातही तो प्रसंग आला. माणूस बदलतो, सत्ता त्याला भ्रष्ट करते, असे समर्थन करता आले असते. मात्र त्या बदलाचे चित्रण त्या प्रमाणात झालेले नाही. २०१३ मध्ये गॅरॉश पदच्युत झाला आणि २०१४ च्या विस्तारात मारला गेला. तरीही स्टोनटॅलनमध्ये तो आजही सर्वाधिकारी म्हणून उभा आहे आणि नव्या खेळाडूसमोर क्रोमगारला कड्यावरून फेकतो आहे. कालक्रमाचा हा गुंता २०१० मध्येच पडला होता. नव्या खेळाडूने डेथविंगने उद्ध्वस्त केलेले जग आधी पाहावे आणि पातळी वाढल्यावर २००७ व २००८ मधील विस्तारांच्या, म्हणजे कथेत त्यापूर्वीच्या, काळात शिरावे, असा क्रम त्यानंतर काही वर्षे चालू राहिला. काळाला गती देण्यासाठी केलेली पुनर्रचना स्वतःच एका वर्षात गोठून राहिली. या युद्धात विजय येत नाही, शोकालाही अवधी मिळत नाही. प्रदेश तेवढा पुनःपुन्हा जळतो.

५

निर्मात्यांना या प्रश्नाची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. २०१८ मध्ये 'बॅटल फॉर ॲझेरॉथ' या विस्ताराच्या तोंडावर होर्डची नेता सिल्व्हानास हिने टेलड्रासिल हा नाइट एल्फ लोकांचा महावृक्ष जाळला. अलायन्सच्या खेळाडूला त्या आगीत शिरून ठरावीक वेळात रहिवाशांना वाचवण्याची क्वेस्ट दिली गेली आणि सर्वांना वाचवणे अशक्य ठेवले गेले. येथे अपयश हाच आशय झाला आहे, आणि ज्याने २००४ पासून त्या वृक्षावर आपल्या पात्राचे बालपण घालवले त्याला ते अपयश व्यक्तिगत वाटले. होर्डच्या खेळाडूला मात्र या मोहिमेत दुसरा मार्ग नव्हता. नकार देऊ पाहणाऱ्याला ती मोहीमच सोडून द्यावी लागली असती. येथे स्टोनटॅलनचीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली आहे, पण अपराधाची जाणीव देताना निवड मात्र दिलेली नाही. खांडववन जाळणाऱ्या अर्जुनाचे शौर्य वाचताना श्रोता अस्वस्थ होऊ शकतो, कारण मशाल त्याच्या हाती नसते. खेळाडूच्या हाती ती असते. खाली ठेवण्याची मुभा तेवढी नसते.

टेलड्रासिलच्या बाबतीत एक तरतूद उल्लेखनीय आहे. शेजारच्या डार्कशोर प्रदेशात झिडोर्मी नावाचे एक पात्र आहे. तिच्याशी बोलल्यास खेळाडूला दहनापूर्वीचा प्रदेश पाहता येतो. संहितेने आपला जुना पाठ स्वतःतच जपून ठेवल्याचे हे उदाहरण होय. तौराहोला अशी झिडोर्मी लाभली नाही. साउथशोरलाही नाही. टॅरन मिल आणि साउथशोर या दोन गावांमधील रस्त्यावर आरंभकाळी खेळाडूंनी कोणत्याही क्वेस्टविना आपापसांत लढाया केल्या होत्या. तेथील युद्ध संहितेने सांगितलेले नव्हते, ते वाचकांनी रचले होते. २०१० मध्ये फॉर्सेकनांच्या विषाने साउथशोर नष्ट झाले आणि त्याच हिल्सब्रॅड प्रदेशात खेळाडूंचे विडंबन करणारी एक विनोदी क्वेस्ट आली. २०१४ मध्ये दहाव्या वर्धापनदिनानिमित्त त्या जुन्या लढाईची नियमबद्ध प्रतिकृती काही काळ खुली करण्यात आली. वाचकांची स्मृती कंपनीने स्मरणवस्तू म्हणून त्यांनाच परत दिली.

६

येथून पाठचिकित्सेचा प्रश्न उभा राहतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. दोन्ही उपक्रम शक्य झाले ते पोथ्या अनेकांच्या घरी होत्या म्हणून. सर्व्हरवरील संहितेची पोथी कोणाच्याच घरी नसते. खेळाडूंनी खाजगी सर्व्हरवर जुना पाठ जतन करण्याचे प्रयत्न केले. त्यांपैकी नोस्टालरियस हा प्रसिद्ध सर्व्हर कायदेशीर कारवाईच्या इशाऱ्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनेच 'क्लासिक' या नावाने मूळ पाठाची आवृत्ती काढली. पुढे मे २०२४ मध्ये 'क्लासिक'च्या वाटचालीतही 'कॅटॅक्लिझम' आले आणि त्या सर्व्हरांवर जुने बॅरन्स दुसऱ्यांदा दुभंगले. मूळ पाठ जपणारे वेगळे सर्व्हर राहिले, ही यांतील दिलाशाची बाब.

दरम्यान पक्षांमधील भिंतही खचू लागली आहे. २०२२ पासून दोन्ही पक्षांच्या खेळाडूंना एका गटात खेळता येते, २०२३ पासून एका संघात राहता येते. २०२३ मध्येच नाइट एल्फ लोकांना अमिर्ड्रासिल हा नवा वृक्ष मिळाला. हे स्त्रीपर्वाच्या दिशेने टाकलेले पाऊल मानता येईल. मात्र ते सलोख्याचे आहे, स्मरणाचे नव्हे. नव्या वृक्षाखाली प्रथमच येणाऱ्याला जुना वृक्ष कसा होता हे कोणीतरी सांगावे लागणारच.

ते सांगणारे वाचकच आहेत. म्हणून अशा संहितेच्या अभ्यासात वाचकाची आठवण हा पूरक पुरावा न राहता पाठाचाच भाग ठरतो. प्रदेश बदलतो, पात्रे मरूनही उभी राहतात, एका पक्षाला दुसऱ्याचे ऐकू येत नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंनी खेळलेला, जुने गाव पाहिलेला खेळाडू हाच या युद्धाचा एकमेव संभाव्य संजय होय. संहितेने त्याला दिव्यदृष्टी दिलेली नाही. ती त्याने अनेक वर्षांच्या वास्तव्यातून मिळवली आहे. समीक्षेने त्याची साक्ष वेळीच नोंदवली नाही, तर तौराहो येथे एके काळी वस्ती होती, हे सांगण्यास राखेखेरीज काही उरणार नाही.