वांगं संपलं होतं

आमच्या दोन खोल्यांत कुत्रा मावत नाही; तेव्हा प्राणी पाळायची हौस मी पुस्तकांवर भागवतो. जपानात स्थायिक झालेल्या लाफ्काडिओ हर्नच्या ‘कोत्तो’ (१९०२) या पुस्तकात ‘कुसा-हिबारी’ नावाचा लेख आहे. कुसा-हिबारी म्हणजे जवाच्या अर्ध्या दाण्याएवढा रातकिडा. पिंजरा दोन इंच उंच, बाजारभाव बारा सेंट, खुराक वांग्याची नाहीतर काकडीची फोड. वर रोज रात्री गाणं! मी तर हुरळलोच.

पण भरवणारा विद्यार्थी रजेवर गेला आणि चार्ज मोलकरणीकडे आला. वांगं संपलं, काकडी चालेल, हे तिला सुचलंच नाही. उपाशी किडा स्वतःचेच पाय खाऊन गात राहिला. मालकाला पत्ताच नव्हता! मला काही मोलकरणीवर रागावता येईना. ‘फॉर्म संपलेत’ हे मीही काउंटरवरून कितीदा सांगितलंय.

हर्न तिला बोलतो, मग स्वतःच ओशाळतो. इथवर लेख अव्वल. शेवटी मात्र तो किड्यावरून कलावंतांच्या दुःखाकडे वळतो, ते खटकलं. किड्याच्या खात्यातली तूट कलेच्या खात्यावर कशी टाकायची? रोज गाणं ऐकणाऱ्यानं एकदा पिंजऱ्यात डोकवायचं होतं, एवढंच.

हल्ली फॉर्म संपले की मी आत जाऊन कपाट बघून येतो.