सार्थ अंक : मोजणी की विधान?

रसायनशास्त्राच्या अध्यापनात सार्थ अंकांचा विचार बहुधा एका नियमात आटोपला जातो : गुणाकार-भागाकाराच्या उत्तरात, घेतलेल्या संख्यांपैकी जिच्यात सर्वांत कमी सार्थ अंक असतील तितकेच अंक ठेवावेत. नियम उपयुक्त आहे; परंतु तो ज्या तत्त्वाचे स्थूल रूप आहे ते तत्त्व विद्यार्थ्यापुढे क्वचितच येते. मापनातून आलेला प्रत्येक अंक हे एक विधान असते आणि विधानाला पुरावा लागतो, हे ते तत्त्व होय.

व्यवहारातील मराठीला हे परिचित आहे. आपल्या शहरातील मोंढ्यावरचा अडत्या ‘अडीच हजार पोती’ म्हणतो, तेव्हा शतकस्थानाखालील अंकांविषयी तो काहीच सांगत नसतो. ‘शंभरेक’ या शब्दात तर अनिश्चितता प्रत्ययानेच व्यक्त होते. २५०० या अंकलेखनात मात्र ही सूचना लोपते. शेवटची शून्ये मोजलेली आहेत की केवळ स्थानदर्शक, हे कळत नाही. ‘२.५ गुणिले दहाचा घन’ आणि ‘२.५०० गुणिले दहाचा घन’ असे लिहिल्यास तो भेद पुन्हा स्पष्ट होतो.

अणुभारांचे कोष्टक याच दृष्टीने वाचावे. फ्लुओरीनचा अणुभार १८.९९८४०३१६२ असा दिला जातो, कारण निसर्गात त्याचा एकच स्थिर समस्थानिक आढळतो. शिशाचा अणुभार दीर्घकाळ २०७.२ एवढाच दिला जाई. २०२० च्या सुधारणेत तर २०६.१४ ते २०७.९४ असा पल्लाच स्वीकारण्यात आला. युरेनियम व थोरियम यांच्या ऱ्हासातून शिसे निर्माण होत असल्याने खनिजागणिक त्याचे समस्थानिक-प्रमाण बदलते. येथे अंकांची संख्या मोजणाऱ्याच्या कौशल्याने नव्हे, तर वस्तुस्थितीनेच मर्यादित झाली आहे.

आता नियमाची मर्यादा पाहू. एखाद्या द्रवाचे आकारमान ९.९ घन सेंटिमीटर व घनता दर घन सेंटिमीटरला १.१२ ग्रॅम असल्यास गुणाकार ११.०८८ येतो. नियमानुसार उत्तर ११ ग्रॅम. परंतु शेवटच्या अंकात एका एककाची अनिश्चितता धरली, तर दोन्ही मापनांतील सापेक्ष अनिश्चितता सुमारे एकेक टक्का, म्हणजे उत्तरात फार तर ०.२ ग्रॅम भरते. केवळ ‘११’ लिहिणे म्हणजे हाती असलेली माहिती टाकून देणे होय, ‘११.०८८’ लिहिणे म्हणजे नसलेली माहिती सांगणे होय. ‘११.१’ हेच प्रामाणिक उत्तर. ते लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण नियमावर बोट ठेवून कापणे अन्यायाचे ठरेल.

म्हणून गणिताच्या मधल्या पायऱ्यांत एखाद-दुसरा अंक अधिक राखावा आणि अखेरीस अनिश्चितता पाहून उत्तराचे अंक ठरवावेत. ‘सार्थ’ या विशेषणाचा अर्थ ‘अर्थासहित’ असा आहे. अंक मोजण्यापूर्वी तो अर्थ तपासणे, हे अध्यापकाचे व परीक्षकाचे पहिले कर्तव्य आहे.