नाव काढा, मग कवन म्हणा

आमच्या सूतगिरणीच्या गेटाबाहेर चहाचा गाडा आहे. पाळी सुटली की तिथं वाद पेटतो. कधी बोनसचा, कधी इलेक्शनचा. ह्या खेपेला पेटला तो कवनाचा.

रिंग फ्रेमवरचं एक पोरगं, वय एकोणीस. कानात बोंडं घालून रॅप ऐकत होतं. एक बोंड त्यानं माझ्या कानात कोंबलं. म्हणालं, "दादा, ऐक. ह्यो गडी एका दमात किती शब्द सोडतोय बघ. ह्याच्यापेक्षा मोठा कवी आपल्यात कोण हाय सांग!" शेजारी आबा बसलेले. आबा आता गेटावर वॉचमन, पण उमेदीत तमाशाच्या फडात ढोलकीवर होते. त्यांनीही ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला गाणं म्हणत्यात व्हय? चाल न्हाय, उठाव न्हाय. निस्ती कटकट. रेठऱ्याच्या बापूरावाची एक लावणी ऐक लेका, मग बोल."

मग दोघं माझ्यावर आले. "तुझं छापून आलंय न्हवं? तूच सांग मोठा कोण." मला तेव्हा काही सांगता आलं नाही. पाळीचा भोंगा झाला. म्हणून हे लिहितोय.

आधी आबांशी बोलतो. आबा, "ह्याला गाणं म्हणत्यात व्हय" हे वाक्य तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. पांढरपेशांनी तुमच्या ढोलकीला हेच म्हटलं. पोवाडा म्हणजे प्रचार, लावणी म्हणजे चाळा, जलसा म्हणजे आरडाओरडा, आणि कविता म्हणजे मासिकात चौकटीत छापलेली ती. आपल्याला जी फूटपट्टी लागली तीच आपण दुसऱ्याला लावायची? ही रॅपवाली माणसं कोण हे तर बघा.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या ब्लॅक पँथरवरून. त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७३ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स ह्या गरीब भागात एका इमारतीतल्या हॉलात डीजे कूल हर्क नावाच्या जमैकातून आलेल्या पोरानं पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. गाण्यातला नुसत्या ठेक्याचा जो तुकडा असतो तो त्यानं दोन रेकॉर्डींवर आलटून पालटून लांबवला. पोरं त्या ठेक्यावर नाचली. पुढं त्याच ठेक्यावर माईक धरून यमकात बोलायची रीत वाढली. वाद्यवृंद घ्यायला पैसा नाही, गाणं शिकायला मास्तर नाही. होतं ते तोंड आणि उसना ठेका. डफ-तुणतुण्यावर उभा राहणारा आपला शाहीर ह्यापेक्षा वेगळा कुठं होता?

आणि आबा, ती पोरं एकमेकांसमोर उभी राहून यमकात एकमेकाला गार करतात. तुम्ही कलगी-तुऱ्याचे सामने बघितलेत. कलगीवाल्यानं शक्तीची बाजू धरून भेदिक सवाल टाकायचा, तुरेवाल्यानं शिवाची बाजू धरून त्याच चालीत जबाब द्यायचा. जबाब सुचला नाही तर सगळ्या गावासमोर हार. मी असं म्हणत नाही की रॅप आपल्याकडून तिकडं गेला. असल्या बढाया दुसऱ्यांना मारू द्या. मी एवढंच म्हणतो की ज्याच्या हातात काही नसतं, तो शब्दाचं हत्यार करतो. मग तो वाळव्याचा असो की ब्राँक्सचा.

आता पोराशी बोलतो. भावा, तू भरभर बोलण्याला मोठेपण म्हणतोस. आपला साचा मिनिटाला हजारो फेरे फिरतो, म्हणून साच्याला कुणी कवी म्हणत नाही. सूत किती निघालं ते मुकादम बघतो. आपण धागा कुठं तुटतो ते बघतो. कवनाचंही तेच. धागा कुठं तुटतो ते बघ. तुला चार जुन्या रेकॉर्डी सांगतो. इंग्रजी मलाही धड येत नाही. शब्द कागदावर उतरून घे, अडलेला शब्द डिक्शनरीत बघ, चार वेळा ऐक. मी तसंच केलं.

पहिली, 'द मेसेज', १९८२. वस्तीतला कचरा, घाण, पैशाची तंगी, गुन्ह्यात जाणारं पोरगं, हे सगळं त्यात येतं. पालुपद तेच तेच येतं, पण प्रत्येक खेपेला आधीच्या कडव्याचं ओझं घेऊन येतं, त्यामुळं जड होत जातं. आवाज चढवायची गरजच पडत नाही.

दुसरी, एरिक बी आणि रकीम ह्यांची 'पेड इन फुल', १९८७. रकीम लहानपणी सॅक्सोफोन वाजवायचा. त्याच्या आधी बहुतेकांचं यमक ओळीच्या टोकाला यायचं. ह्यानं ते ओळीच्या पोटात घातलं, एका ओळीचा श्वास दुसऱ्या ओळीत सोडला. आणि ओरडत नाही, शांत बोलतो. तुझा तो भरभर बोलणारा ह्याच्यापुढं ठेव आणि कुणाचा शब्द कानात राहतो ते बघ.

तिसरी, नॅसची 'इलमॅटिक', १९९४. तेव्हा तो वीस वर्षांचा, म्हणजे तुझ्यापेक्षा एकानं मोठा. शाळा आठवीनंतर सुटलेली. क्वीन्सब्रिज नावाच्या सरकारी चाळींत वाढला आणि त्याच चाळींबद्दल बोलला. गरिबी वाईट असते असं तो सांगत बसत नाही. जिना, कट्टा, तुरुंगातल्या दोस्ताला लिहिलेलं पत्र असलं दाखवतो. निष्कर्ष आपला आपण काढायचा.

चौथी, क्वीन लतीफाचं 'युनिटी', १९९३. हे मुद्दाम सांगतोय. रॅपमध्ये बाईला शिवी देणं फार आहे आणि तू ते हसून ऐकतोस. ही बाई त्याच ठेक्यावर उभी राहून विचारते की मला शिवी घालणारा तू कोण. आपल्या फडातल्या बाईला हा सवाल विचारायला माईक कुणी दिला होता?

आता घरचं. वाटेगाव आपल्याच जिल्ह्यात. अण्णाभाऊ साठे, जन्म १९२०, शाळा दीड दिवसाची. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर ह्यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. त्यांची मैनेची छक्कड सगळ्यांना पाठ आहे, पण ती चालते कशी हे कुणी बघत नाही. सुरुवात होते ती गावाकडं राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं. मुंबईत पोट भरायला गेलेल्या कुठल्याही गड्याचं गाणं. लोक शृंगार म्हणून ऐकायला बसतात. मग मुंबईची श्रीमंती येते, तिच्यातली गरिबी येते, आणि चाल न बदलता ती ताटातूट बेळगाव-कारवारची होते, संयुक्त महाराष्ट्राची होते. ऐकणाऱ्याला कळतच नाही की बायकोवरून राज्यावर कधी आलो. धागा तुटत नाही. मैना मैनाच राहते, तिला झेंड्याची काठी करून टाकलेलं नाही. रकीमनं यमकात जे केलं ते अण्णाभाऊंनी अर्थात केलं. आणि लोकनाट्य करताना गणपतीच्या गणाच्या जागी त्यांनी मायभूमीला वंदन घातलं. घाट ठेवला, पूजा बदलली. जुनं मोडायचं तर आधी ते हातात यावं लागतं.

मग आबांचे बापूराव? तेही वाळव्यातलेच, रेठरे हरणाक्षचे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. ब्राह्मणाचा पोरगा तमाशात आला, घरदार आणि मान सोडून आला. हे सोपं नव्हतं. लावणीचा शब्द त्यांच्या हाताला असा यायचा की आजही फडात त्यांचं नाव घेतल्याशिवाय भागत नाही. पण आबा, त्या लावण्या लोकांपर्यंत कुणाच्या गळ्यानं आणि कुणाच्या पायानं गेल्या? पवळानं नेल्या. हिवरगावची, महाराची पोर. बापूरावांनी जात सोडली म्हणून त्यांचा त्याग झाला. पवळाला सोडायला जात नव्हतीच, ती तर तिला चिकटवलेलीच होती. बापूरावांनी सत्याग्रहासाठी तमाशातला पैसा देऊ केला, तेव्हा आपल्या बाईला नाचवून मिळालेला पैसा म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला. बाबासाहेबांना लावणी कळत नव्हती म्हणून नाही. कवनाची किंमत कोण मोजतंय हे त्यांना कळत होतं म्हणून.

ही गोष्ट तिकडंही आहे. १९७९ सालचं 'रॅपर्स डिलाइट', रॅपची पहिली मोठी गाजलेली रेकॉर्ड. तिच्यात एका गायकानं जे शब्द म्हटले त्यातले पुष्कळ ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझचे होते. त्याचं नाव रेकॉर्डवर नाही. आणि मी वर सांगितलेल्या 'द मेसेज'वर नाव ग्रँडमास्टर फ्लॅशच्या टोळीचं, पण फ्लॅशचा त्यात जवळजवळ हातच नाही. बरंचसं लिहिलं ड्यूक बूटीनं, आणि त्याच्याबरोबर म्हटलं मेली मेलनं.

म्हणून वामनदादा कर्डकांकडं बघा. १९२२ ते २००४. गावोगाव फिरून गाणी रचली आणि ती वाटून टाकली. कितीक गायकांनी ती आपली म्हणून गायली. पण शेवटच्या कडव्यात 'वामन' बसलेला असतो. चाल बदला, गायक बदला, तो शब्द काढला की यमक मोडतं. ज्याच्याकडं वकील नाही त्याचं हे रजिस्ट्रेशन. पण मला त्यात आणखी एक दिसतं. वामनदादा नाव घालतात ते शेवटी, म्हणजे वर जे बोललो त्याला मी जबाबदार, आणा काय आणायचं ते.

आता जिथं दुखतं तिथं येतो. आम्ही काय करतो? आम्ही नाव सुरुवातीलाच घालतो, आणि ते आमचं नसतं. गेल्या जयंतीला मी वस्तीत कविता म्हटली. तीन वेळा बाबासाहेबांचं नाव होतं, तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. मी फुगलो. खाली उतरल्यावर आबांनी हात धरला. म्हणाले, "बेस झालं. आता त्येंचं नाव काढ आन् पुन्ना म्हण." मी तिथंच उभ्या उभ्या म्हणायला लागलो. दोन ओळींत संपलं. उरलंच काय होतं? नावाच्या मधी भरलेला भुसा. टाळ्या बाबासाहेबांना पडल्या होत्या, मी त्या खिशात घातल्या होत्या. रात्रभर झोप नाही आली.

आमच्या जयंतीच्या डीजेवर वाजणारी निम्मी गाणी अशीच आहेत. नाव, निळा, वाघ, पुन्हा नाव. विरोधकाला दम. भिंती हादरतात, पण घरी गेल्यावर एक ओळ आठवत नाही. आपलीच पोरं आता मराठीत रॅप करतात, काही फार चांगलं करतात. पण पुष्कळ जण चेन, गाडी आणि दम एवढ्यावर थांबतात. त्यांना आपण काही बोलत नाही, कारण आपलं पोरगं आहे, वर चाललंय. मी म्हणतो, आपलं आहे म्हणूनच बोललं पाहिजे. दुसऱ्यानं बोललं की तो जातीवरून बोलतो, आपण बोललं की फूट पाडतो, तर मग ह्या पोरांना कवन शिकवणार कोण?

तर मोठा कवनकार कोण? माझ्यापुरतं सांगतो. ठेका बंद केला, मोठ्या माणसाचं नाव काढलं, गाणाऱ्याचा चेहरा झाकला, तरी जी ओळ उभी राहते ती मोठी. ती ओळ दुसऱ्याच्या तोंडात गेली तरी खोटी पडत नाही. आणि ती रचणारा आपल्याला गळा देणाऱ्याचं ऋण लपवत नाही. शब्द भरभर की सावकाश, चाल आहे की नुसतं बोलणं, हे नंतरचं. अण्णाभाऊ ह्यात बसतात. 'द मेसेज' बसतं. वामनदादा बसतात. बापूराव पहिल्या दोन्हींत अव्वल, तिसऱ्यात नापास. आबांना हे पटणार नाही. नाही पटलं तर त्यांनी सवाल टाकावा, मी जबाब देईन.

तसं आमचं ठरलंय. येत्या सुट्टीच्या दिवशी गाड्याच्या मागं बसायचं. आबा ढोलकी आणणार आहेत, पोरगं फोनवर ठेका लावणार आहे. नियम एकच. महापुरुषाचं नाव घ्यायचं नाही, शेवटी स्वतःचं घालायचं. सांगली-साताऱ्याकडचं जे कुणी लिहीत असेल त्यानं यावं, बायांनी तर आधी यावं. सुरुवात माझ्या त्या जयंतीच्या कवितेपासून. ती फाडून नवीन लिहायला घेतलीय, सध्या चार ओळी झाल्यात.

जय भीम.