स्थूल श्वान आणि ऑक्सिडीकरणरोधक पूरके : एक चिकित्सा

कोणत्याही उपचाराचे परीक्षण करताना तीन प्रश्न क्रमाने विचारावे लागतात. विकार कोणता, त्याचे कारण कोणते, आणि सुचविलेला उपचार त्या कारणापर्यंत पोहोचतो काय? स्थूल कुत्र्यांना ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यांची, म्हणजे बाजारात ज्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात त्यांची, पूरके दिल्यास त्यांचे चयापचय सुधारते, असे प्रतिपादन शोधनिबंधांतून सुरू होऊन आता दुकानांच्या फळ्यांवर येऊन पोहोचले आहे. या प्रतिपादनाची वरील क्रमाने तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. डहाणू तालुक्यातील वाणगावचा परिसर पाहावा. येथे मिरचीच्या वाडीची राखण करणारा गावठी कुत्रा आहे; उरलेसुरले अन्न खाऊन तो दिवसभर हिंडतो. दुसरीकडे, तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले, त्या भागात औद्योगिक वसाहत वाढली, आणि २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या. बोईसर-पालघरकडे सदनिकांची वस्ती वाढत गेली, आणि सदनिकेबरोबर तिच्यात राहणारा लॅब्रॅडॉर अथवा पगही आला. त्याचे फिरणे दोन वेळच्या फेरीपुरते असते, आणि खाणे मात्र घरातील प्रत्येकाच्या हातून होते. एकाच प्राणिजातीच्या या दोन जीवनक्रमांत अंतर पडले आहे ते आहार आणि श्रम यांच्या हिशेबात. आपल्या विषयाचे मूळ या हिशेबात आहे.

तो हिशेब आधी मांडू. कुत्र्याच्या किलोग्रॅममधील वजनाचा पाऊण घात घेऊन त्यास ७०ने गुणले असता त्याची विश्रांतावस्थेतील दैनिक ऊर्जेची गरज ढोबळमानाने मिळते. १० किलोग्रॅम वजनाच्या कुत्र्यास ती सुमारे ४०० किलोकॅलरी येते. आता २५ ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांतून सुमारे ११० किलोकॅलरी मिळतात, आणि म्हशीच्या दुधाच्या २०० मिलिलिटर पेल्यातून निदान २००. म्हणजे ज्यास घरात कोणी जेवण समजत नाही अशा खाऊतूनच विश्रांतीच्या गरजेचा पाऊण हिस्सा पुरा झाला. पोळी-भात अजून मोजलाच नाही. हे गणित पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवावे.

पूरकांच्या पक्षाचे म्हणणे न्याय्यपणे मांडावयाचे तर असे आहे. गरजेपेक्षा अधिक ऊर्जा आल्याने मेदपेशी फुगतात. तंतुकणिकांवर भार पडून ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे अधिक निर्माण होतात. मेदऊतकांत सौम्य पण चिवट दाह राहतो. आणि यांतून इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. तेव्हा या क्रियाशील रूपांना निष्प्रभ करणारी द्रव्ये, उदाहरणार्थ ई-जीवनसत्त्व, क-जीवनसत्त्व, कॅरोटिनवर्गीय रंगद्रव्ये, चहातील पॉलिफिनॉले, बाहेरून पुरवली की साखळी तुटेल. ही मांडणी सुसंगत आहे. परंतु सुसंगत मांडणी म्हणजे सिद्ध झालेले सत्य नव्हे. तिच्यावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप प्राणिभेदाचा. या मांडणीचा बराच भाग मनुष्याच्या वैद्यकातून उचललेला आहे, आणि कुत्रा म्हणजे लहान आकाराचा मनुष्य नव्हे. स्थूल कुत्र्यात इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो हे खरे. परंतु मनुष्याप्रमाणे त्याचे पर्यवसान दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात सहसा होत नाही. त्याच्या रक्तातील कोलेस्टेरॉल मुख्यतः अधिक घनतेच्या लिपोप्रथिनांतून वाहते, आणि धमनीकाठिण्य त्याच्यात विरळा आढळते. क-जीवनसत्त्वाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. हंगेरीतील सेगेड येथे सेंट-ड्यॉर्डी यांनी हे द्रव्य मिरचीच्याच जातीच्या पॅप्रिकापासून विपुल प्रमाणात मिळविले. त्यांच्या संशोधनास १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वाणगावच्या मिरचीतही ते आहे. परंतु मनुष्य व गिनीपिग यांना जे आहारातूनच घ्यावे लागते, ते कुत्र्याचे यकृत ग्लुकोजपासून स्वतः तयार करते. ज्याची उणीव नाही ते भरून काढण्याचा हा व्यवहार होय.

दुसरा आक्षेप कार्यकारणभावाचा. ऑक्सिजनची क्रियाशील रूपे ही केवळ विध्वंसक नसून पेशींच्या परस्परसंदेशाचेही साधन आहेत. व्यायामाचा लाभ काही अंशी त्यांच्याच द्वारा घडतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, तरुण पुरुषांवरील एका जर्मन प्रयोगात व्यायामाबरोबर क आणि ई जीवनसत्त्वे भरपूर मात्रेत घेणाऱ्यांत इन्शुलिनच्या कार्यातील अपेक्षित सुधारणा दिसली नाही. न घेणाऱ्यांत ती दिसली. शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांवरील २००२ सालच्या प्रयोगात रोज क-जीवनसत्त्व दिले असता कुत्रे किंचित मंद धावले. हे प्रयोग लहान आहेत आणि त्यांवरून सर्वसामान्य सिद्धान्त काढणे धाडसाचे ठरेल. परंतु ज्या कुत्र्याच्या वजनासाठी आपण फेरी वाढवावयास सांगतो, त्याच कुत्र्यास त्या फेरीचा लाभ कमी करणारी गोळी देण्याचा संभव आहे, एवढी शंका घेण्यास ते पुरेसे आहेत.

तिसरा आक्षेप मापनाचा. पूरकांच्या बाजूने सांगितले जाणारे बहुतेक प्रयोग थोड्या कुत्र्यांवर, थोडे आठवडे झालेले असतात, आणि त्यांत मोजले जाते ते रक्तातील एखादे निदर्शक. निदर्शक हलले म्हणजे प्राण्याचे आरोग्य सुधारले असे होत नाही. शिवाय प्रयोगकाळात आहारही आवरला गेला असेल, तर श्रेय कोणाचे हे ठरविता येत नाही. कारण वजन उतरल्याने इन्शुलिनचे कार्य आपोआप सुधारते, हे स्थूल कुत्र्यांत स्वतंत्रपणे दिसून आलेले आहे.

तरीही विरुद्ध पक्षाचा सर्वांत सबळ पुरावा टाळून चालणार नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्थूल कुत्र्यांना १२ आठवडे, रोजच्या जेवणाच्या अगदी आधी, हिरव्या चहाचा अर्क दिला असता इन्शुलिनचे कार्य सुधारले आणि रक्तातील ट्रायग्लिसराइडे घटली. निष्कर्ष लक्षणीय आहे. परंतु त्याच्याच शेजारी २००९ साली प्रसिद्ध झालेला दुसरा अहवाल ठेवावा लागतो. त्यात उपाशीपोटी ठेवलेल्या बीगल कुत्र्यांना अशाच अर्काची बरीच मोठी मात्रा रोज दिली गेली, आणि अनेक इंद्रियांना इजा व मृत्यू घडल्याने प्रयोग साडेसहा महिन्यांत थांबवावा लागला. एकच द्रव्य, फरक मात्रेचा आणि पोटात अन्न असण्या-नसण्याचा. हा फरक डबीवरील चिठ्ठी वाचून घरच्या माणसास कसा कळावा? ‘नैसर्गिक’ हा शब्द येथे काहीच संरक्षण देत नाही. मनुष्याच्या आहारात ऑक्सिडीकरणरोधक म्हणून वाखाणलेला कांदा कुत्र्याच्या रक्तकणांना ऑक्सिडीकरणानेच इजा करतो, आणि द्राक्षे व मनुका त्याच्या मूत्रपिंडास घातक ठरू शकतात. घोलवडच्या चिकूसारखे निरुपद्रवी फळदेखील, बी काढून दिले तरी, शर्करेचा साठाच आहे.

वृद्ध बीगल कुत्र्यांवरील प्रयोगांचाही दाखला दिला जातो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कामात ऑक्सिडीकरणरोधकयुक्त आहार आणि खेळ-सोबतीचे समृद्ध वातावरण यांनी म्हाताऱ्या कुत्र्यांची शिकण्याची शक्ती अधिक टिकली. हे काम आदरणीय आहे. पण त्याचा विषय मेंदूचे वार्धक्य हा होता, स्थूलता नव्हे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नास चिकटविणे हा शास्त्रीय वाङ्मयातील जुना दोष आहे.

याउलट आहार आवरण्याचा पुरावा किती भक्कम आहे! ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतील एकास दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. २००२ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार मध्यम आयुर्मान पोटभर खाणाऱ्यांत ११.२ वर्षे, तर कमी खाणाऱ्यांत १३ वर्षे भरले. हा प्रयोग श्वानखाद्याच्या उत्पादकाने केलेला होता, आणि तरी त्याचा निष्कर्ष कमी खाऊ घालावे असा निघाला, हे विशेष. अर्थात सर्व दोष मालकावर टाकणेही योग्य नाही. २०१६ साली असे आढळले की सुमारे एकचतुर्थांश लॅब्रॅडॉरांत तृप्तीशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. अशा कुत्र्याची भूक खरोखरीच अधिक असते. परंतु भूक जनुकातून आली असली तरी बिस्किट हातातूनच येते.

मग पूरकांना मुळीच स्थान नाही काय? आहे, पण ते निराळे. केवळ पोळी-दुधावर पोसलेल्या कुत्र्यास पोषकद्रव्यांची उणीव पडणे शक्य आहे. तसेच नेहमीचे खाद्य बरेच घटविले तर ऊर्जेबरोबर जीवनसत्त्वे व खनिजेही घटतात. अशा वेळी ई-जीवनसत्त्वादी द्रव्ये पुरविणे अवश्य आहे. परंतु ते उणीव भरून काढणे झाले. स्थूलतेवरील औषध नव्हे. या दोहोंतील भेद पुसला गेला की शास्त्राची जागा विक्रीकला घेते.

पदव्युत्तर अभ्यासकांस या परिसरात करण्यासारखे काम पुष्कळ आहे. वाडीवरचे आणि सदनिकेतले कुत्रे घेऊन नऊ पायऱ्यांच्या देहस्थिती-मापनाने त्यांची नोंद करावी. मालकाकडून खाण्याची, खाऊसकट, रोजनिशी घ्यावी. पूरक तपासावयाचेच असेल तर दोन्ही गटांना समान ऊर्जेचा आवरलेला आहार द्यावा, एका गटास पूरक व दुसऱ्यास तशीच दिसणारी निर्गुण गोळी द्यावी, आणि कोणास काय दिले हे मोजणारास कळू देऊ नये. रक्तातील निदर्शकांबरोबर वजन, मेद आणि चालण्याची क्षमताही मोजावी. असा प्रयोग पूरकांच्या बाजूने निघाला, तर ते स्वीकारण्यास संकोच नसावा.

तोवर जो मालक महिन्याचे पैसे मोजून डबी घेतो, त्याला आपण काय सांगणार हा प्रश्न राहतो. डबी घेतल्याने आपण काहीतरी केले असे समाधान त्यास मिळते आणि खाऊ तसाच चालू राहतो; ही पूरकांची सर्वांत मोठी हानी होय, आणि ती कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. म्हणून उपचाराचा आरंभ डबीपासून न होता मिरचीची पोती तोलणाऱ्या काट्यापासून व्हावा. कुत्र्यास कडेवर घेऊन त्यावर उभे राहावे, आणि मग आपले वजन वजा करावे.